भाऊजी, गिलास भरून ठेवला आहे

भाऊजी,

तुमच्या मातीला जेवढी माणसं भाषणाला उभी राहिली, तेवढी माणसं तुमच्या रविवारच्या उपासनेला कधी बसली नव्हती. प्रत्येकानं हेच सांगितलं की आमचे पाळकसाहेब कधी खचले नाहीत. सांगणाऱ्यांत सगळ्यात पुढं तीच मंडळी होती, जिनं तुम्हाला खचवायचं काम वर्षानुवर्षं बिनपगारी आणि मन लावून केलं. मी माझ्या बाजाच्या पेटीमागं बसून ऐकत होतो. पेटीमागं बसण्याचा एक फायदा असतो, चेहऱ्यावर काय चाललं आहे ते कुणाला दिसत नाही.

आता आपल्या लोकांचं एक मासिक निराश झालेल्या पाळकांसाठी खास अंक काढतं आहे. त्याचे संपादक आंजीला माझ्या किराणा दुकानात आले, अर्धा किलो शेंगदाणे घेतले आणि म्हणाले, तुमच्या भाऊजींवर दोन पानं लिहून द्या, पण उत्तेजन देणारं लिहा, लोकांना उभारी आली पाहिजे. माझ्याकडंच का आले, तर घरात गोष्टी सांगणारा म्हणून माझं नाव आहे. ते नाव कसं पडलं हे तुम्हाला ठाऊक आहे. बाप्तिस्मा असो, लग्न असो, माती असो, जेवणं झाली की मला बोलायला लावतात, कारण तेव्हा अर्धी माणसं झोपलेली असतात आणि उरलेल्यांना एसटी येईपर्यंत वेळ काढायचा असतो. मी हो म्हटलं. त्यांना जे हवं आहे ते मला लिहिता येणार नाही हे तेव्हाच माहीत होतं. म्हणून तुम्हालाच लिहितो आहे. त्यांनी छापलं तर छापलं.

उत्तेजन हा शब्द ऐकला की मला तो गरुड आठवतो.

तुम्हाला दरवर्षी नागपूरला पाळकांच्या प्रोत्साहन शिबिराला बोलवायचे. तिथं व्यासपीठावर बसायचे ते वक्ते तुम्हीच मला वर्णन करून सांगितले होते. एक जण असा होता, की त्यानं वर्षभर पाळकी करून ती सोडून दिली होती आणि तेव्हापासून तो गावोगाव फिरून पाळकी कशी सोडू नये हे शिकवत होता. तुम्ही त्याच्यासारखं डोळे मिटून, हात पसरून दाखवायचा आणि ताई हसून हसून चुलीपाशी बसकण मारायची. त्या शिबिरातून तुम्ही प्लास्टिकची फाईल, न लिहिणारा पेन आणि एक भलंमोठं कॅलेंडर घेऊन आलात. कॅलेंडरवर पंख पसरलेला गरुड होता आणि खाली बायबलमधलं वचन, देवाची वाट पाहणारे गरुडासारखे पंखांनी वर उडतील. ताईनं वर्ष संपल्यावर तो कागद कोंबड्यांच्या खुराड्याच्या फटीवर लावला, वारा येऊ नये म्हणून. कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं. कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसायच्या. कारण कळेपर्यंत एकीनं तर जीवच सोडला. शिबिराचा आपल्या घरावर झालेला परिणाम एवढाच. ज्या पाळकांना हा अंक मिळेल त्यांना मी एवढं उत्तेजन जरूर देतो, की गरुड मिळाला तर खुराड्यापासून लांब लावा.

तुम्ही आलात तेव्हा आम्हाला तुमची कीव आली होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. रोहण्याच्या पुढचं ते गाव, मिशनच्या काळातलं टिनाचं देऊळ, आणि त्यात जी मंडळी होती ती. सलामालेकी झाली की लगेच तक्रार. संदेश लांबला. संदेश आखूड झाला. पाळकसाहेब अमक्याकडं चहा प्याले, आमच्याकडं नाही प्याले. दोन घरांचं एका बोरीच्या झाडावरून भांडण होतं, म्हणून ती घरं देवळात समोरासमोरच्या भिंतींना बसायची आणि गीत गातानाही एकमेकांच्या वरताण आवाज काढायची. या सगळ्यांच्या वर सेक्रेटरी. त्यांचं नाव मी लिहीत नाही, गावातही त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. देवळाच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी ते आधी झाले आणि माणूस नंतर, असं मी म्हणायचो. तुम्ही म्हणायचा, "नंतर तरी झाले ना जी."

तुम्ही हे सगळं गोष्टीसारखं सांगायचा, म्हणून मला ते सहन व्हायचं. बुधवारी घरभेटीला गेलात की पोरगं दारात येऊन म्हणायचं बाबा घरी नाईत, आणि पडद्याखाली बाबांचे पाय दिसायचे. तुम्ही त्या पायांना सलाम करून परत यायचा. मी उत्तम शुक्रवार आणि ईस्टरला आंजीहून तुमच्याकडं यायचो, पेटी वाजवायला. माझी पेटी काळी दोनमध्येच वाजते, तुमचा गळा तिथं कधी पोचला नाही, तरी तुम्ही मला बोलवायचा. म्हणायचा, साळेबुवा, तुमच्या पेटीनं लोकांचं लक्ष माझ्या आवाजावरून उडते.

मग एका वर्षी तुम्ही गोष्टी सांगणं बंद केलंत. पोरं वर्ध्याला एका नव्या मंडळीत जाऊ लागली होती, तिथं कीबोर्ड होता, ड्रम होता. (तो माझा अपमान होता, तुमचा नव्हता, पण तुम्ही तोही आपल्या अंगावर घेतलात.) देवळात उरल्या म्हाताऱ्या बाया, ती बोरीची दोन घरं आणि सेक्रेटरी. मी विचारलं, पडद्याखालचे पाय काय म्हणतात? तुम्ही म्हणालात, "आता जातच नाई." एवढंच.

हिवाळ्याच्या शेवटी मी आलो होतो. ओट्यावर बसून आपण तिघं ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होतो. तुम्ही मान वर न करता सांगितलंत. "ईस्टर झाला का सांगून देतो. हिंगणघाटले चुलतभावाचं बियाण्याचं दुकान हाय. थो कवाचा बोलावून राह्यला."

थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं, ताई दाणे बकरीच्या टोपलीत टाकत होती आणि टरफलं पातेल्यात.

मी लगेच बोललो. म्हटलं, "सोडा जी. या लोकायसाठी कायले जीव टाकता?" ते मी मनापासून म्हटलं होतं, आणि भाऊजी, माझं मत आजही फारसं बदललेलं नाही. ते लोक त्या लायकीचे नव्हते. या वाक्यावर आपला जो वाद सुरू झाला तो तुमच्या शेवटच्या दुखण्यापर्यंत पुरला.

ताईनं न राहवून नागपूरला सगळ्या पाळकांच्या वरच्या मोठ्या साहेबांच्या बायकोच्या कानावर घातलं. मग उत्तेजन देणारे घरी येऊ लागले. स्वतः मोठे साहेब जीपनं आले. त्या गरुडाला पुरून उरलेली तांबडी कोंबडी ताईनं कापली. साहेब जेवले, खाटेवर आडवे झाले, दुपार कलली तेव्हा उठले, तोंड धुतलं, तुमच्या डोक्यावर हात ठेवून तुम्हाला गरुडाचे पंख मिळोत अशी प्रार्थना केली आणि चहा घेऊन गेले. तुम्हाला काय झालं आहे हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांच्यानंतर एक निवृत्त पाळक आले, त्यांनी आपल्या काळात कसं देऊळ भरून वाहायचं ते सांगितलं आणि जाताना विचारलं, इथं नदीत मासे बरे मिळतात का? सेक्रेटरीही आले. तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खचू नका पाळकसाहेब. आमी हाओत ना." आणि त्याच दमात, "मागच्या रविवारी मात्र लांबलं जी." गेटाबाहेर ते दिसेनासे झाल्यावर तुम्ही म्हणालात, आता नक्की जातो.

असा तो उत्तम शुक्रवार आला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते. ख्रिस्त वधस्तंभावरून सात वेळा बोलला, त्या एकेका शब्दावर एकेक जण संदेश देतो. मोठ्या देवळांत सात वक्ते असतात. आपल्या गावात तीन वाजेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही अशी रीत आहे, म्हाताऱ्यांपासून चालत आलेली, आणि विदर्भातल्या एप्रिलचा तीत काही विचार केलेला नाही. माझा उपास कसा असायचा हे विचारू नका. पेटीमागं बरीच जागा असते.

त्या वर्षी बाहेरून यायचं कबूल केलेले वक्ते आलेच नाहीत. त्यांना मोठ्या देवळांची बोलावणी आली होती. सेक्रेटरी म्हणाले, पाळकसाहेब, तुमीच आटपा. म्हणजे जाणाऱ्या माणसानं सातही शब्द एकट्यानं सांगायचे. टिन तापून कडकड वाजत होतं. पहिला शब्द झाला, गीत झालं. दुसरा झाला. तिसरा झाला. माझ्या पेटीच्या पट्ट्या घामानं चिकटत होत्या. चौथा शब्द तो, ज्यात तो देवालाच विचारतो की मला टाकून का दिलंस. तुम्ही तो वाचलात, पवित्र शास्त्र मिटलंत, आणि थांबलात.

आधी वाटलं, तुम्ही मुद्दाम थांबला आहात. मग वाटलं, विसरलात. मग कुणालाच काही वाटेना, नुसतं टिन वाजत होतं. तुमचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. दोन्ही हातांनी तुम्ही मेज धरलं होतं. मी पेटीवर एक सूर दाबून ठेवला, काही कळेना म्हणून, आणि तो सूरही चुकीचाच लागला. मला कळलं होतं की तुम्ही आता इथंच, ईस्टरची वाट न पाहता, सांगून टाकणार. सगळी मंडळी मान वर करून बघत होती. मदतीला कुणी उठलं नाही. मीही नाही.

मागच्या बाजूनं, म्हाताऱ्या बायांमधून, यमुनाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत, हळूहळू. दाराशी माठ होता, तीन वाजल्यावर प्यायचा. त्यांनी त्यातून स्टीलचा गिलास भरला आणि भर देवळातून, दोन भिंतींच्या दोन घरांमधून, सरळ तुमच्यापर्यंत चालत आल्या. वेदीपाशी बाया जात नसत. त्या गेल्या.

"घे बापू, पेऊन घे," त्या म्हणाल्या. "सांगजो मंग."

तुम्ही प्यालात. मला तुमचा कंठ हललेला दिसला. गिलास रिकामा करून तुम्ही तो त्यांच्या हातात दिलात, त्यांनी पदरानं पुसला आणि जाऊन बसल्या. तुम्ही तोंड पुसलंत आणि म्हणालात, "पाचवा शब्द." पाचवा शब्द तहानेचा असतो. त्यावर तुम्ही काय बोललात ते मला आठवत नाही, पण बोरीचं भांडण असलेली दोन्ही घरं एकाच वेळी रडत होती, आणि माझ्या माहितीत त्या लोकांनी एकाच वेळी केलेली ती एकमेव गोष्ट.

हे सगळं वाचून संपादकांना वाटेल, इथं उभारी आली. नाही. उभारी दुसऱ्या दिवशी आली, आणि ती सेक्रेटरींनी आणली.

शनिवारी ते कमिटीच्या दोघांना घेऊन ओट्यावर आले. तुमच्याबद्दल त्यांनी मोठं मन दाखवलं. उन्हानं झालं असंल, तुमचं सोडून देऊ, म्हणाले. पण त्या बाईनं उपासाच्या दिवशी, तीन वाजायच्या आत, वेदीजवळ पाणी नेलंच कसं? उद्या तिला प्रभुभोजन देऊ नका. वर्षभर बाहेर बसू द्या, बाकीच्यांना वचक बसेल. हे बोलताना सेक्रेटरी ताईनं दिलेलं पाणी पीत होते.

तुम्ही त्यांना हात जोडून वाटेला लावलंत आणि आत आलात. मी आणि ताई दारामागंच होतो. तुमच्या चेहऱ्यावर मी कितीतरी महिन्यांनी रंग पाहिला. राग होता तो, शुद्ध राग.

"मी गेलो," तुम्ही म्हणालात, "तर या बुढीले याच्या हाती देऊन जाऊ काय?"

मी म्हटलं, "अन् बियाण्याचं दुकान?"

"थे उगवन जी, माझ्याबिगर."

ताईनं त्या रात्री पुरणपोळ्या केल्या, आणि पुरणात साखरेच्या जागी मीठ पडलं. आपण तिघांनी खाल्ल्या. पहाटे कबरस्थानात उजाडतीची उपासना झाली, मग देवळात प्रभुभोजन. तुम्ही भाकरीचा पहिला तुकडा यमुनाबाईंना दिलात. त्या रांगेत मागं उभ्या होत्या, तुम्ही खाली उतरून त्यांच्यापर्यंत गेलात. सेक्रेटरी त्या दिवशी पुढं आले नाहीत, हातांची घडी घालून बसून राहिले. पुढच्या खेपेला आले. त्यांना दुसरं कोण देणार होतं?

तेव्हापासून दर उत्तम शुक्रवारी यमुनाबाई मेजावर पाण्याचा गिलास आणून ठेवायच्या, वर बशी झाकून. सेक्रेटरी घंटा व्हायच्या आत येऊन तो उचलून खिडकीत ठेवायचे. त्या पुन्हा मेजावर आणायच्या. हा खेळ त्या जिवंत होत्या तोवर चालला, आणि त्यांना तुम्ही पुरल्यावर ताईनं चालवला. तुम्ही त्या गिलासातलं पाणी पुन्हा कधी प्यालात नाही. तीन वाजेपर्यंत ते तुमच्यासमोर झाकलेलं असायचं.

आपला वाद इथंच होता. मी म्हणायचो, भाऊजी, तुम्हाला ना शिबिरानं ठेवलं, ना प्रार्थनेनं. तुम्ही सेक्रेटरीच्या नाकावर टिच्चून राहिलात. एखाद्या माणसाची मनापासून चीड आली की माणूस किती वर्षं टिकतो याचं तुम्ही उदाहरण आहात. हे मी इतक्या जेवणांनंतर सांगितलं, की पोरांना पाठ झालं. तुम्ही हसायचा. एकदाच, माझ्या आंजीच्या दुकानात पोत्यावर बसून, तुम्ही उत्तर दिलंत. म्हणालात, "बुढीसाठी राह्यलो थे खरं हाय. पण त्याच्यासाठी बी राह्यलो, साळेबुवा. थो बी माझाच हाय ना. त्याले टाकून कोणाकडे जाऊ?"

मला ते पटलं नाही. मी म्हटलं, पाळकांना असं बोलावंच लागतं. तुम्ही शेंगदाणे खात राहिलात. पुढं दहा-एक वर्षं तुम्ही त्याच देवळात काढलीत, त्याच तक्रारी ऐकत, पडद्याखालच्या त्याच पायांना सलाम करत. देऊळ भरलं नाही. पोरं परतली नाहीत. खास अंकात असतं तसं काहीच झालं नाही. फक्त तुम्ही पुन्हा गोष्टी सांगू लागला होतात, आणि मी तुमच्या गोष्टी चोरून लग्नांत सांगत होतो. त्यासाठी तुमचे आभार मानायचे राहिले. ते मानायला तुमच्याकडं गंभीर तोंडानं यावं लागलं असतं, आणि तुम्ही मला पेटीवर बसवलं असतं.

शेवटी दवाखान्यात तुम्हाला गिळता येत नव्हतं. ताई कापसाचा बोळा भिजवून तुमच्या ओठांवर फिरवायची. मी खाटेपाशी बसून काहीतरी बडबडत होतो, बहुतेक गरुडाचीच गोष्ट. तुम्ही हातानं मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता काही मोठं ऐकायला मिळणार, म्हणून मी कान अगदी तोंडाशी नेला.

"मातीच्या वक्ती सेक्रेटरीले बोलू देजो," तुम्ही म्हणालात. "अडवजो नको." मग बराच वेळ श्वास घेतलात. "लय बोलन थो. ऊन राहीन. पाणी ठेवजो त्याच्याजवळ."

मी हो म्हटलं. मनात जे म्हटलं ते दवाखान्यात म्हणायचं नसतं.

तुमच्या मातीच्या दिवशी देवळात एवढी गर्दी, की दोन्ही भिंती भरल्या. तुमची शवपेटी समोर होती. सगळे म्हणत होते तुम्ही कधी खचला नाहीत. सेक्रेटरी आता काठी घेऊन चालतात. ते मेजापाशी गेले आणि त्यांनी सुरू केलं. पाळकसाहेबांना आम्ही कसं जपलं. कसा आधार दिला. मी पेटीमागून उठलो. दाराशी माठ होता. मी तोच स्टीलचा गिलास भरला, वर बशी झाकली, आणि भर देवळातून चालत जाऊन त्यांच्यासमोर ठेवला. मी मनात त्यांना कोणकोणत्या शिव्या देत होतो त्या तुम्हालाही येत नसतील.

ते बोलता बोलता थांबले. गिलासाकडं बघत राहिले. त्यांचा हात सवयीनं पुढं झाला, खिडकीत नेऊन ठेवायला. बशीवर येऊन तो थांबला. टिन तेवढं वाजत होतं, आणि मला वाटलं, आला, एकदाचा तो क्षण आला. आता हा माणूस काहीतरी म्हणेल. यमुनाबाईंचं नाव तरी घेईल.

त्यांनी बशी उचलली, गिलास तोंडाला लावला, घटाघट सगळं पाणी प्याले, मिशा पुसल्या, आणि ताजेतवाने होऊन होते त्याच्या दुप्पट बोलले.

पहिल्या बाकावर पांढऱ्या साडीत बसलेली तुमची बायको हसली. पदर तोंडावर धरला, पण खांदे हलत होते. चुलीपाशी बसकण मारून हसायची तशीच, भाऊजी. तुम्ही गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. तुम्हाला माहीत होतं तो असंच करणार, आणि हेही माहीत होतं की ती हसणार.

तुम्ही म्हणाला होतात ते मला अजून पटलेलं नाही. ते लोक त्या लायकीचे नाहीत. सेक्रेटरी बसल्यावर मी जाऊन गिलास उचलला, माठाशी नेला आणि पुन्हा भरून, बशी झाकून, मेजावर ठेवला. अजून मोठे साहेब बोलायचे होते.